कंपनी काढणाऱ्या ठेकेदाराला नाशिकमध्ये अकाउंटंट कसा निवडावा: चार प्रकारच्या सेवांची पारख

सातपूर-अंबडच्या कारखान्यांना माणसं पुरवणारे, सिन्नर-मुसळगावला शेड आणि फॅब्रिकेशनची कामं घेणारे, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या निविदा भरणारे. या सगळ्यांच्या डोक्यात काम वाढलं की एकच विचार येतो: प्रोप्रायटरशिप पुरे, आता प्रायव्हेट लिमिटेड करू. २०२७ च्या सिंहस्थाची कामं समोर असताना तर हा विचार जास्तच जोर धरतो. मग शोध सुरू होतो तो 'कंपनी काढून देणाऱ्या' माणसाचा, आणि गफलत इथेच होते. कंपनी निघते आठ-पंधरा दिवसांत. त्यानंतर दर महिन्याला बिलं, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर), जीएसटी, पीएफ यांचा जो रगाडा चालतो, तो सांभाळणारा माणूस आपण निवडत असतो. नोंदणीच्या दरावरून अकाउंटंट ठरवणं म्हणूनच चुकीचं.

नाशिकच्या ठेकेदाराला साधारण चार प्रकारच्या सेवा मिळतात: ऑनलाइन नोंदणी पोर्टल, करसल्लागार, एकट्यानं प्रॅक्टिस करणारा सीए आणि पाच-दहा माणसांची सीए फर्म. चौघांचीही जागा आहे, पण ती एकच नाही.

आधी एक हिशेब

चांगला अकाउंटंट पहिल्या भेटीत कागद मागत नाही, तो 'कंपनी कशाला?' असं विचारतो. त्यामागे साधं गणित आहे. समजा, ठेकेदार व्यक्ती म्हणून वर्षाला ९० लाखांची कामं करतो आणि सगळे पैसे बँकेतून येतात. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (जुन्या कायद्यातलं ४४एडी) ६ टक्क्यांनी त्याचं उत्पन्न ५ लाख ४० हजार धरलं जातं. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, त्यामुळे आयकर लागत नाही आणि ऑडिटही लागत नाही. अनुमानित उत्पन्नाची ही योजना व्यक्तीला, हिंदू अविभक्त कुटुंबाला आणि साध्या भागीदारी संस्थेला मिळते. कंपनीला नाही, एलएलपीलाही (मर्यादित दायित्वाची भागीदारी) नाही. उलाढालीची मर्यादा २ कोटी आहे, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी.

तेच काम कंपनीत नेलं की उलाढाल शून्य असली तरी ऑडिट सक्तीचं. कमी दराचा पर्याय घेतला तरी नफ्यावर अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के कर बसतो. ८ लाख नफ्यावर ही रक्कम २ लाख १ हजार ३४४ रुपये होते. यातून मार्ग आहे: संचालकाला पगार द्यायचा. तो कंपनीचा खर्च ठरतो, आणि संचालकाच्या हातात ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतची सूट मिळते. मात्र त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच संचालक मंडळाचा ठराव हवा, पगार दरमहा बँकेतून जायला हवा आणि त्यावरचं टीडीएस आणि व्यवसाय कर वेळेत भरायला हवा. मार्चअखेरीस एकच नोंद टाकून वर्षभराचा पगार दाखवणारा अकाउंटंट पुढच्या चौकशीची सोय करून ठेवतो.

हे गणित कागदावर मांडून न दाखवता जो 'करून टाकू साहेब, सगळेच करतात' म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

कंपनी लागतेच अशी कारणंही आहेत. दोन-तीन भागीदार भांडवल घालणार असतील, मोठ्या कारखान्याची अटच तशी असेल, कामावरच्या अपघाताची किंवा देण्यांची जबाबदारी घरादारापर्यंत येऊ द्यायची नसेल, तर कंपनी काढावी. पण निविदेसाठी कंपनी काढत असाल तर थांबून एक गोष्ट तपासा. मागच्या पाच वर्षांची उलाढाल, पूर्ण केलेल्या कामांचे दाखले आणि ठेकेदार नोंदणी ही सगळी तुमच्या किंवा जुन्या फर्मच्या नावावर असते. नवी कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती. तिचा अनुभव शून्यापासून सुरू होतो, जुना अनुभव धरायचा की नाही हे त्या त्या निविदेच्या अटींवर ठरतं. नोंदणीचा वर्ग वरचा असलेल्या ठेकेदारानं हे न बघता कंपनी काढली, तर कालपर्यंत जी कामं भरता येत होती ती आज भरता येत नाहीत. हा मुद्दा स्वतःहून काढणारा सीए ठेकेदारीच्या धंद्यातला आहे असं समजावं.

ऑनलाइन पोर्टल

कंपनी नोंदणीचं काम ही पोर्टलं बरी करतात. त्यासाठीच्या सरकारी स्पाइस प्लस अर्जाचे दोन भाग आहेत: नाव राखून ठेवणं आणि प्रत्यक्ष नोंदणी. त्याला जोडून एजाइल प्रो अर्ज जातो, त्यातून जीएसटी, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), महाराष्ट्राचा व्यवसाय कर आणि बँक खातं यांची व्यवस्था होते. पॅन आणि टॅन (टीडीएस भरण्यासाठीचा क्रमांक) त्याच प्रक्रियेत मिळतात. १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलावर केंद्राची नोंदणी फी शून्य आहे, मुद्रांक शुल्क राज्याचं वेगळं. म्हणजे पॅकेजच्या किमतीत मुख्यतः त्यांची मजुरी, डिजिटल सहीचा खर्च आणि मुद्रांक असतात. पॅकेजमध्ये 'उद्यम नोंदणी' आणि 'जीएसटी नोंदणी' वेगवेगळ्या रकमांनी लावलेली दिसली तर लक्षात ठेवा, या दोन्हींना सरकारची फी नाही.

अडचण नंतर सुरू होते. कंपनी निघाल्यावर ३० दिवसांत संचालक मंडळाची पहिली सभा आणि त्याच मुदतीत पहिल्या ऑडिटरची नेमणूक करायची असते. दोन महिन्यांत भाग प्रमाणपत्रं द्यायची असतात. १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र, म्हणजे आयएनसी-२०ए भरायचं असतं, आणि त्याआधी भागधारकांनी कबूल केलेलं भांडवल प्रत्यक्ष कंपनीच्या खात्यात आलेलं दिसलं पाहिजे. पॅकेज बहुतेक वेळा नोंदणी प्रमाणपत्राशी संपतं. 'भांडवल १ लाख' असं कागदावर लिहिलेलं असतं, खातं उघडायला दोन महिने लागतात, पैसे टाकायचं कोणी सांगत नाही आणि १८० दिवस निघून जातात. त्याचा दंड कंपनीला ५० हजार आणि संचालकांना दिवसाला १ हजारप्रमाणे वेगळा.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट अडते ती नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्याची. वीजबिल वडिलांच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असतं आणि ते दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, शिवाय मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. कॉल सेंटरवरच्या माणसाला गावठाणातल्या घराचा उतारा आणि महावितरणचं बिल यांतला नावाचा फरक कळत नाही, अर्ज दोनदा परत येतो. फक्त नोंदणी हवी, कागदपत्रं चोख आहेत आणि पुढचा सीए आधीच ठरला आहे, एवढ्या परिस्थितीत पोर्टल घ्यायला हरकत नाही. 'वर्षभराचं सगळं अनुपालन' असं पॅकेज ठेकेदारानं घेऊ नये. बिलाच्या वजावटी समजून घेणारा माणूस त्यात मिळत नाही.

करसल्लागार

नाशिकच्या बऱ्याच लहान ठेकेदारांचं काम करसल्लागारच बघतो. जीएसटी विवरणपत्रं भरणं, आयकर विवरण भरणं, जीएसटी कार्यालयातली नोटीस हाताळणं ही कामं तो कायदेशीरपणे करू शकतो. अनेकजण हे काम फार नीट करतात. फोन उचलतात, जीएसटी विवरणांची ११ आणि २० तारीख चुकवत नाहीत. प्रोप्रायटर असेपर्यंत यात काहीच कमी नाही.

कंपनी झाली की चित्र बदलतं. ऑडिट अहवालावर सही फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच चालते. करसल्लागार 'माझे सीए आहेत, त्यांची सही घेऊ' म्हणतो, तेव्हा तो सीए कोण, त्यानं हिशेब खरोखर पाहिले का, हे तुम्हाला माहीत हवं. तपासायची पद्धत सोपी आहे. सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि अहवालावर यूडीआयएन हा १८ अक्षरी क्रमांक असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा त्या सीएच्या सदस्यत्व क्रमांकाचे. सहीखालचा सदस्यत्व क्रमांक आणि यूडीआयएनमधले ते सहा अंक जुळत नसतील तर कागद तिथेच परत करा. जुळत असतील तरी आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या यूडीआयएन संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या. निविदेला जोडलेलं उलाढालीचं प्रमाणपत्र खोटं निघालं तर अनामत रक्कम जप्त होण्यापासून काळ्या यादीपर्यंत काहीही होऊ शकतं, आणि ते तुमच्या कंपनीच्या नावावर होतं.

हिशेब लिहिणारा वेगळा, सही करणारा वेगळा

ही गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४४ नुसार कंपनीचा वैधानिक ऑडिटर त्याच कंपनीचे हिशेब लिहू शकत नाही, नातेवाइकाकरवी किंवा फर्मच्या भागीदाराकरवीही नाही. प्रोप्रायटर असताना एकाच ऑफिसात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) भरली जायची, विवरणं जायची आणि तिथेच सही व्हायची. कंपनीला ही पद्धत चालत नाही. 'सगळं आमच्याकडेच होईल, ऑडिटसुद्धा' अशी एकत्र ऑफर एखाद्या सीए ऑफिसानं कंपनीला दिली, तर ती सोय वाटली तरी घेऊ नये. ऑडिटर आयकर विवरण भरू शकतो, करासंबंधी मदत करू शकतो. रोजच्या नोंदी मात्र त्याच्या हातून होता कामा नयेत.

त्यामुळे ठेकेदाराच्या कंपनीसाठी आम्हाला सर्वांत योग्य वाटणारी रचना अशी: नोंदींसाठी स्वतःचा अर्धवेळ अकाउंटंट किंवा करसल्लागार, आणि ऑडिटसाठी स्वतंत्र सीए. कॉलेज रोड किंवा कॅनडा कॉर्नरला एकट्यानं प्रॅक्टिस करणारा, पाच-सात वर्षं ठेकेदारांची कामं केलेला सीए लहान कंपनीला पुरतो. तुमच्या बिलाबद्दल तोच बोलतो, आर्टिकलशिपला, म्हणजे काम शिकायला आलेल्या मुलाकडे फोन देत नाही. त्याची अडचण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. कर लेखापरीक्षण अहवालाची ३० सप्टेंबर आणि कंपनीच्या विवरणाची ३१ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास त्याला तुमच्यासाठी वेळ नसतो. जुलैमध्ये हिशेब बंद करून देण्याची शिस्त तुमच्याकडे असेल तर ही अडचण राहत नाही. उलाढाल पाच-दहा कोटींच्या पुढे गेली, बँकेची मोठी कर्जमर्यादा घेतली किंवा चार ठिकाणी साइट चालू असल्या, तर मध्यम फर्म परवडते.

ऑडिटरची निवड घाईनं करू नका, पण घाबरूही नका. संचालक मंडळानं नेमलेला पहिला ऑडिटर पहिल्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंतच असतो. ही पारखण्याची मुदत. सभेत नेमला की पाच वर्षांसाठी, आणि मुदतीआधी काढायचा तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची मंजुरी लागते.

बिल वाचता येतं का, ही खरी कसोटी

भेटायला जाताना आपलं एखादं जुनं आरए बिल (चालू कामाचं टप्प्याचं बिल) सोबत घ्या, टेबलावर ठेवा आणि विचारा, 'याची नोंद कशी कराल?' उत्तरावरून सगळं कळतं.

उदाहरण घेऊ. सरकारी विभागाचं १० लाखांचं काम मोजमाप पुस्तिकेत नोंदवलं गेलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, १ लाख ८० हजार. एकूण बिल ११ लाख ८० हजार. त्यातून कंपनी म्हणून २ टक्के आयकर टीडीएस, २० हजार. करार अडीच लाखांच्या वर असल्यानं २ टक्के जीएसटी टीडीएस, आणखी २० हजार. बांधकाम कामगार उपकर १ टक्का, १० हजार. सुरक्षा ठेव करारात असेल त्याप्रमाणे, इथे ५ टक्के धरू, ५० हजार. हातात आले १० लाख ८० हजार.

कच्चा अकाउंटंट बँकेत आलेले १० लाख ८० हजार 'कामाची जमा' म्हणून टाकतो. त्यानंतर एकही आकडा कशाशी जुळत नाही. आयकराच्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या उताऱ्यात) १० लाख दिसतात, जीएसटीत १० लाखांवर कर दिसतो, हिशेबात तिसराच आकडा. पक्का अकाउंटंट १० लाख उलाढालीत घेतो आणि प्रत्येक वजावट वेगळी उभी करतो: आयकर टीडीएस येणे, जीएसटी टीडीएस येणे, सुरक्षा ठेव येणे आणि उपकर खर्चात.

यातलं जीएसटी टीडीएस सर्वांत जास्त बुडतं. विभागानं त्यांचं जीएसटीआर-७ हे टीडीएसचं विवरण भरल्यावर ती रक्कम पोर्टलवर 'टीडीएस/टीसीएस क्रेडिट' या ठिकाणी येते. तिथे जाऊन ती स्वीकारावी लागते, तेव्हा कुठे ती तुमच्या कॅश लेजरमध्ये (जीएसटीच्या रोख खात्यात) जमा होते आणि कर भरायला वापरता येते. स्वीकारलीच नाही तर पैसे सरकारकडे पडून राहतात आणि ठेकेदार २० तारखेला खिशातून कर भरत राहतो. 'हे दर महिन्याला तुम्ही स्वीकारता का?' असं थेट विचारा. विभागानं जीएसटीआर-७ भरलंच नसेल तर पाठपुरावा कोण करणार, हेही विचारा.

सुरक्षा ठेवेचं वेगळं रजिस्टर हवं: काम, बिल क्रमांक, रक्कम, दोष दायित्व कालावधी (कामातले दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) कधी संपतो आणि परतीसाठी अर्ज कधी करायचा. पाच वर्षांत अशा ठेवी काही लाखांत जातात, आणि ज्याच्या हिशेबात त्या दिसत नाहीत त्याला त्या मागायचंही सुचत नाही.

मनुष्यबळ पुरवणाऱ्यांचं बिल निराळं, आणि त्यातली चूक जास्त महाग पडते. १ लाख मजुरी, मालकाचा पीएफ आणि त्याचे इतर आकार धरून १३ टक्के म्हणजे १३ हजार, ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ३ हजार २५०, आणि सेवा शुल्क समजा ८ हजार. बेरीज १ लाख २४ हजार २५०. जीएसटी या पूर्ण रकमेवर १८ टक्क्यांनी, २२ हजार ३६५ रुपये. 'फक्त ८ हजारांवर लावू' असं सांगणारे अजूनही भेटतात. तीन वर्षांनी फरकाची मागणी व्याजासह येते, तेव्हा कारखान्याकडून ती वसूल होत नाही. मजुरीवर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नसल्यानं हे २२ हजार जवळजवळ पूर्ण रोखीनं भरावे लागतात, आणि कारखाना बिल देतो ६० दिवसांनी. पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला तिमाही विवरणाची सोय आहे, पण पहिल्या दोन महिन्यांचा कर २५ तारखेला भरावाच लागतो. किती खेळतं भांडवल लागेल याचा तक्ता अकाउंटंटनं कंपनी काढण्याआधी करून द्यावा.

पीएफचं ईसीआर (मासिक विवरण आणि चलन) आणि ईएसआयसी दोन्ही १५ तारखेच्या आत. बहुतेक मोठे कारखाने बिलासोबत चलन आणि कामगारांची यादी मागतात, एक नाव कमी-जास्त झालं तरी बिल अडवतात. म्हणून कामगार ठेकेदारानं पीएफ-ईएसआयसी बघणारा कन्सल्टंट आणि अकाउंटंट या दोघांकडे कामगारांची हजेरी एकाच शीटवरून जाईल अशी सोय करावी. दोघांकडे दोन याद्या असल्या की महिनाअखेरीस भांडणं ठरलेली.

सुरक्षारक्षक पुरवणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा. कंपनी नसलेल्या ठेकेदारानं नोंदणीकृत ग्राहकाला सुरक्षारक्षक पुरवले तर जीएसटी ग्राहक भरतो, रिव्हर्स चार्जनं. ठेकेदार प्रायव्हेट लिमिटेड झाला की तोच कर त्याच्याच बिलात येतो. ज्या दिवशी कंपनी बिल काढायला लागते त्या दिवसापासून दर, बिलाचा नमुना आणि ग्राहकांना द्यायचं पत्र, सगळं बदलतं. हे माहीत नसलेला सल्लागार पहिल्याच महिन्यात कंपनीला अडचणीत आणतो.

पॅन बदलला की काय काय बदलतं

जुन्या प्रोप्रायटरशिपमधून कंपनीत जाताना अकाउंटंटनं लेखी यादी द्यायला हवी. चालू कार्यारंभ आदेश कोणाच्या नावावर आहेत, ते कंपनीकडे वर्ग करायला विभाग किंवा कारखाना तयार आहे का, की जुनी कामं जुन्याच नावानं पूर्ण करायची. विभागाकडे नवा पॅन कळवला नाही तर टीडीएस जुन्या पॅनवर जमा होतो, उत्पन्न कंपनीचं आणि क्रेडिट व्यक्तीचं. हे निस्तरायला वर्षं जातात. जुन्या जीएसटी क्रमांकात शिल्लक असलेलं क्रेडिट धंदा हस्तांतरित होत असेल तर आयटीसी-०२ अर्जानं कंपनीकडे नेता येतं. त्यासाठी सीएचं प्रमाणपत्र लागतं आणि हे जुना क्रमांक रद्द करण्याआधी करायचं असतं. घाईनं क्रमांक रद्द केला की क्रेडिट गेलं. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणही भरायचं असतं, ते बहुतेकांचं राहतं.

महाटेंडर्सवर (राज्य सरकारच्या निविदा पोर्टलवर) निविदा भरायला कोणतं डिजिटल सहीचं टोकन लागतं, एन्क्रिप्शन प्रमाणपत्रही हवं का, हे आधी तपासा. कंपनी नोंदणीसाठी घेतलेलं टोकन बहुतेक वेळा फक्त सहीचं असतं. लागणारं टोकन कंपनीच्या नावानं आधीच घ्या, निविदेच्या आदल्या दिवशी धावपळ होत नाही.

आणि पैशांबद्दल. कंपनीचं खातं हे संचालकाचं खातं नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, गाडीचं डिझेल कंपनीच्या खात्यातून भरण्याची सवय ठेकेदारांत पक्की असते. १० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकानं कंपनीतून उचललेलं कर्ज साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत लाभांश धरलं जातं आणि त्यावर कर बसतो, शिवाय कंपनी कायद्यातही काही अपवाद सोडता संचालकाला कर्ज द्यायला बंदी आहे. अकाउंटंटनं दर महिन्याला संचालकाच्या खात्याचा उतारा काढून तुमच्या हातात द्यावा. साइटवरची रोख मजुरी हाही असाच विषय: एका माणसाला एका दिवसात १० हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही. मुकादमाला एकरकमी ४० हजार देऊन 'मजुरी' लिहिलं की अडकलंच.

पहिल्या भेटीत काय विचारावं, काय मागावं

फी विचारताना एकच आकडा स्वीकारू नका. महिन्याच्या नोंदी, जीएसटी, टीडीएस विवरणं, पीएफ-ईएसआयसी, ऑडिट, कंपनी निबंधकाकडचे वार्षिक अर्ज आणि नोटिशीचं उत्तर, या सगळ्यांची फी वेगवेगळी लिहून घ्या. कंपनीचे एओसी-४ (ताळेबंद) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे अर्ज उशिरा गेले तर प्रत्येक अर्जाला दिवसाला १०० रुपये, वर मर्यादा नाही. उशीर त्यांच्याकडून झाला तर दंड कोण भरणार, हे आधीच ठरवा.

सॉफ्टवेअर कोणतं वापरता ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे. टॅलीची एडिट लॉग असलेली आवृत्ती घेतली आहे का, तेवढं बघा. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात ठेकेदाराच्या टीडीएसचं जुनं १९४सी कलम ३९३ मध्ये गेलं आणि अनुमानित उत्पन्न कलम ५८ मध्ये. सहज विषय काढून बघा, समोरचा अद्ययावत आहे की नाही ते लगेच कळतं.

कंपनी जानेवारी ते मार्चमध्ये काढायची ठरत असेल तर एप्रिलपर्यंत थांबलं तर काय फरक पडेल, हे विचारा. त्या तीन महिन्यांत काढलेल्या कंपनीला पहिलं आर्थिक वर्ष पुढच्या मार्चपर्यंत नेता येतं, पण आयकर विवरण मात्र त्याच मार्चचं भरावं लागतं. उत्तर देताना तो गोंधळला तर दुसरीकडे विचारा.

सर्वांत महत्त्वाचं: जीएसटी, आयकर, पीएफ आणि कंपनी पोर्टलवरचा नोंदणीकृत मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या. अकाउंटंटचा नंबर टाकला की नोटीस त्याला जाते, ओटीपी त्याला जातो, आणि तुम्ही त्याच्यापासून वेगळे होऊ शकत नाही. डिजिटल सहीचं टोकनही त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सही करायची असेल तेव्हा घेऊन जा किंवा समोर बसून करा. तुमच्या सहीनं काय गेलं याची जबाबदारी तुमची असते.

  

अकाउंटंट बदलायचा असेल तर

निमा किंवा आयमा या उद्योजक संघटनांच्या सभासदांत, आपल्याच धंद्यातल्या दोन-तीन जणांना 'तुमचा माणूस नोटीस आल्यावर काय करतो' असं विचारून नवा माणूस शोधा. विवरणं वेळेत भरणारे बरेच मिळतात, नोटिशीला कागदपत्रांसह उत्तर देणारे कमी. सीए बदलताना नव्या सीएनं जुन्याला लेखी कळवणं हा त्यांच्या संस्थेचा नियम आहे, आणि वाद नसलेली ऑडिट फी थकलेली असेल तर नवा सीए काम घेणार नाही. आधी ती चुकती करा. मग टॅलीचा बॅकअप पासवर्डसह, भरलेल्या सगळ्या विवरणांच्या पावत्या, ठरावांची वही, सभासदांची नोंदवही, भाग प्रमाणपत्रं आणि सुरक्षा ठेवेचं रजिस्टर एका पोहोचपत्रावर सही घेऊन ताब्यात घ्या. पोर्टलांचे पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि जीएसटी पोर्टलवर अधिकृत सही करणारी व्यक्ती कोण नोंदलेली आहे ते लॉगिन करून स्वतः बघा.